दहा फुटी की चौदा फुटी

टिप्पावा तलाव, पश्चिम काठ, मिसिसिपी
रविवार, ६ फेब्रुवारी १९८३

प्रिय ओनीडा आत्या,

फोन करणार होतो. पण तुझ्या फोनच्या एकाच तारेवर चार घरे आहेत आणि चारही घरांतले लोक रिसीव्हर उचलून ऐकतात, हे तूच सांगितले होतेस. मासेमारीचे जे काही असेल ते पत्रात लिहायचे, हा बाबांचाही नियम होता. म्हणून पत्र.

मिस लव्हाडा प्रेविट यांच्या धक्क्यावरचा म्हातारा गाइड या वर्षी काम सोडतो आहे. ती जागा मला मिळू शकते. शनिवारी, १६ एप्रिलला, मेम्फिसहून दोन गिऱ्हाइके येणार आहेत. दुपारी बारापर्यंत त्यांची बर्फाची पेटी क्रॅपी माशांनी भरून दिली, तर जागा माझी. नाही तर कोंबड्यांचा कारखाना आहेच. मी तिथे जिवंत कोंबड्या पाय धरून आकड्याला अडकवतो, मिनिटाला बावीस. आता झोपेतही हात तेच करतात, असे घरमालकीण मिसेस टल सांगतात. त्यांना भिंतीतून ऐकू येते.

नाव मिस लव्हाडांची असते, पण रॉड आणि रिळे गाइडने स्वतःची आणायची असतात. बाबा गेल्यापासून त्यांच्या वेताच्या काठ्या वाळून तडकल्या आहेत. माझ्याकडे एकाच संचापुरते पैसे आहेत. तो चुकला तर दुसरा घेता येणार नाही. म्हणून आधी विचारतो.

रॉड दहा फुटी घ्यावा, बारा फुटी की चौदा? फायबरचा, की तो नवा काळा ग्राफाइटचा? रीळ बटण दाबायचे घ्यावे की उघडे? गळाचा तंगूस किती जाड? टोक किती वाकले म्हणजे पुरे? इथल्या दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "कुठलाही घे रे, मासा काय फूटपट्टी घेऊन येतो का?" अशा माणसाच्या सल्ल्यावर मी माझे वर्ष लावू शकत नाही.

एकूण अकरा प्रश्न मागच्या पानावर क्रमांक घालून लिहिले आहेत. कृपया क्रमाने उत्तरे दे.

तुझा,
डेलमर


पूर्व काठ
१४ फेब्रुवारी

डेलमर, पोरा,

पत्र पोचलं. माझं अक्षर वेगळं दिसेल. मनगट धरलंय, तेव्हा तिकडे लक्ष देऊ नकोस.

अकरा प्रश्न! तुझ्या बापाला एक प्रश्न विचारायला अख्खा हंगाम लागायचा, आणि तू एका टपालात अकरा पाठवतोस. सगळे खो खो हसले असते. म्हणजे, कुणी ऐकलं असतं तर.

पण बाळा, मी रॉड कसा सांगू? पाणी किती आहे तिथं? तळाशी काय आहे, चिखल की झाडं? नाव किती जवळ जाते? वारा कुठून लागतो? गिऱ्हाइकं तरणी आहेत की माझ्यासारखी? हे कळल्याशिवाय रॉड सांगायचा म्हणजे पाय न बघता बूट द्यायचा. तू आधी नीट लिही. सगळं लिही. तू लिहितोस छान.

लव्हाडाला म्हणावं, ओनीडा जिवंत आहे आणि एकसष्ट सालची माझी बिडाची कढई तुझ्याकडेच आहे.

आत्या


पश्चिम काठ
२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मी अकरा प्रश्न विचारले. तू एकाचेही उत्तर दिले नाहीस आणि उलट पाच विचारलेस. दुसरे पाठवायला कोणी असते तर मी पत्र परत पाठवले असते.

ठीक आहे. पण एक सांगतो. हिवाळ्यात तलाव उतरतो तेव्हा बाकीच्यांनी माशांना आसरा म्हणून बुडवलेला झाडोरा उघडा पडतो आणि कोणाचा कुठे आहे ते सगळ्यांना दिसते. बाबांनी सीडरच्या झाडांचे शेंडे सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधून खोल जागी सोडले, जिथून पाणी कधीच उतरत नाही. ती जागा आता फक्त मला ठाऊक आहे. १६ एप्रिलची माझी सगळी भिस्त तिच्यावर आहे. तेव्हा जागेचे नाव मी तुलाही लिहिणार नाही. राग मानू नकोस.

पाणी बारा फूट. जुन्या लाकडी पुलाचे चार खुंट पाण्याबाहेर वीतभर दिसतात, त्यातला तिसरा उत्तरेकडे कललेला आहे. झाडोरा दुसऱ्या आणि तिसऱ्या खुंटाच्या मध्ये आहे. नावेचे नाक खुंटांपासून सात फुटांवर थांबवावे लागते, नाही तर गळाचे शिसे पुलाच्या फळ्यांत अडकते. वारा डावीकडून, ओढ्याच्या तोंडातून येतो. गिऱ्हाइके पन्नाशीची आहेत, विमा विकतात. मिस लव्हाडा म्हणतात, त्यांचे हात कॉफीने थरथरतात.

यावरून रॉड सांगता यावा. अकरा प्रश्नांची प्रत पुन्हा जोडली आहे.

डेलमर


पूर्व काठ
१ मार्च

डेलमर,

आता बोललास की नाही! असं चित्र उभं केलंस की वाटलं, मी नावेतच बसलेय.

दहा फुटी. ग्राफाइट. एका माणसाच्या हातात एकच. सात फूट तुझं अंतर, उरलेला हातात आणि नावेच्या काठावर. बारा फुटी दिलास तर विमावाल्यांच्या हातात त्याचं टोक नाचत बसेल. टोक मऊ हवं, कंबर ताठ. दुकानात टोक छताला टेकव आणि हळूच दाब. वरचा तिसरा हिस्सा वाकला आणि बाकीचा उभा राहिला तर घे. सगळाच वाकला तर ठेवून दे, तो झाडोऱ्यातून मासा उचलायचा नाही.

रिळाचा फार विचार करू नकोस. सरळ खाली सोडायचं आहे, लांब फेकायचं नाहीये, म्हणजे रिळाचं काम खुंटीचं. सगळ्यात लहान, सगळ्यात हलकं उघडं रीळ घे. बटणाचं नको. गिऱ्हाईक कंटाळलं की बटणाशी खेळतं.

क्रॅपीचं तोंड कागदाचं. हिसका मारला की ओठ फाटतो, मासा खाली आणि गिऱ्हाईक वर बोंबलतंय. नुसतं उचलायचं, झोपलेल्या पोराला उचलतो तसं.

तंगूस भडक पिवळा मिळतो तो घे. त्याहून भडक असेल तर तो. पण खरं सांगू, टोकाकडे बघूच नये. मुठीच्या वर उघड्या रॉडवर बोट ठेवायचं आणि डोळे मिटायचे. मासा चावला की कुणी कागदावर टिचकी मारल्यासारखं येतं. मी हल्ली तसंच करते. डोळ्यांवाचून काही अडत नाही.

आत्या


पश्चिम काठ
रविवार, १३ मार्च

प्रिय आत्या,

तू सांगितल्याप्रमाणे चार रॉड आणि चार रिळे घेतली. टोक छताला टेकवून पाहिले. दुकानदार म्हणाला, "छत पाडतोस का?" मी एकूण सतरा रॉड टेकवले. आठवडाभर अंगणात बसून सराव केला. मिसेस टल वाळत घातलेल्या चादरीमागून तंगूस हलकेच ओढायच्या आणि मी डोळे मिटून "आता" म्हणायचे. चाळीसपैकी एकतीस वेळा बरोबर आले. मी खूश होतो.

काल पहाटे रॉड घेऊन जागेवर गेलो.

तिथे सात नावा होत्या.

आत्या, सात. कललेल्या खुंटाला एकाने दोर बांधून नाव ठेवली होती. तो तुमच्या काठचा रस्को बायर्ड. मला पाहून ओरडला, "ये, डेलमर, ये! डाव्या बाजूला जागा आहे एक. वारा तिकडूनच लागतो, पण तुला ते माहीतच असेल म्हणा."

मी विचारले, "ही जागा तुम्हाला कोणी सांगितली?"

"जागा कसली? पूल आहे हा. पूल काय कुणी खिशात घालून नेतो?"

"नाक सात फुटांवर धर हां," त्याच्या मागचा डाल्टन म्हणाला. "जवळ गेलास तर शिसं फळ्यांत अडकतं."

सात फूट! तो माझा आकडा आहे. मी वल्ह्याने मोजून काढलेला. तासाभरात त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत साठ-सत्तर मासे काढले. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुंटाच्या मधून.

हे मी तुझ्याशिवाय कोणाला सांगितले नाही. रात्रभर विचार केला आणि एकच उत्तर येते. तुझी दोन्ही पत्रे आली तेव्हा पाकिटाची चिकटवलेली कड सुरकुतलेली आणि ओलसर होती, वाफेवर धरून उघडल्यासारखी. आपली पत्रे दोन्हीकडून वेंडेल ओक्स नेतो. त्याच्या जीपमध्ये कॉफीची किटली असते. मी पाहिली आहे.

हे पाकीट मी तीन बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद केले आहे. उघडताना फाटलेले दिसले तर लगेच कळव. १६ एप्रिलला चौतीस दिवस उरले आहेत.

डेलमर


पूर्व काठ
१८ मार्च

डेलमर,

पाकीट उघडता उघडता कात्री मोडली. एवढी चिकटपट्टी लावू नकोस.

वेंडेल गरीब माणूस आहे. सव्वीस वर्षं टपाल टाकतोय. त्याच्या किटलीत कॉफीच असते. तू उगाच डोक्यात काही घेऊ नकोस. तलाव मोठा आहे, सरकारचा आहे, जागा कळतातच एकमेकांच्या. दुसरं पाणी शोध. आणि यापुढे एवढं बारीक बारीक लिहू नकोस, काय गरज आहे? पत्रात हवापाणी लिही. मिसेस टलचं लिही. तिचं फार आवडलं. मला.

रॉडचं वाईट वाटून घेऊ नकोस. रॉड चांगलेच आहेत.

आत्या


पश्चिम काठ
२२ मार्च

प्रिय आत्या,

तुझे पत्र मिळाले. तुझे म्हणणे पटले. वेंडेल ओक्स यांच्याबद्दल मी घाईने बोललो.

मी दुसरे पाणी शोधले आहे. ही जागा मी मोकळेपणाने लिहितो, कारण तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. कापसाच्या जुन्या जिनिंगसमोरची चिखलाची सपाटी. पाणी पाच फूट, सगळीकडे सारखे. तिथे क्रॅपीचे थवेच्या थवे आहेत. मी सोमवारी आणि मंगळवारी भरपूर पकडले. दोन्ही दिवस सकाळी सहा ते नऊ. ही गोष्ट आपल्या दोघांतच राहू दे.

आता प्रश्न असा: अशा उघड्या पाण्यात आठ चौदा फुटी रॉड नावेच्या नाकावर लावून हळूहळू पुढे जाणे बरे, की आणखी काही? रीळ कोणते? या वेळी प्रश्न दोनच आहेत.

तुझा आज्ञाधारक,
डेलमर


पूर्व काठ
२८ मार्च

डेलमर बाळा,

जिनिंगसमोर! तुझा बाप तिकडे कधी फिरकला नाही, मीही नाही. चिखल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं पाणी. शाबास तुझी.

चौदा फुटीच. यात दुसरा विचार नको. पाच फूट पाण्यात मासा नावेची सावली ओळखतो, तेव्हा आमिष सावलीच्या पुष्कळ पुढं चाललं पाहिजे. आठ रॉड, खोबणीत बसवलेले, पंख्यासारखे पसरलेले, आणि आठही एकाच मापाचे, एकाच घडणीचे. एक वेगळा असला की त्याचंच टोक वेगळं वाकतं आणि तू दिवसभर फसतोस. इथं फायबर चालेल, धरायचा कुणाला आहे? रीळ मात्र या वेळी जरा बरं घे. मासा लांब लागेल, ओढ खाईल, तेव्हा ब्रेक इतका सैल ठेव की बोटानं तंगूस सुटला पाहिजे. आमिषाला दोन दोन मासोळ्या, कणभर शिसं. आणि नाव चालवायची ती प्रेताच्या गाडीमागून चालतात तशी. त्याहून जोरात नाही.

पण तू कुठून घेणार? गॅडीच्या दुकानात चौदा फुटी होते, ते शनिवारीच सगळे खपले.

आत्या


पश्चिम काठ
रविवार, ३ एप्रिल

आत्या,

बावीस तारखेचे पत्र खोटे होते. मी जिनिंगसमोर आयुष्यात गळ टाकलेला नाही. संपूर्ण तलावात जिथे मी एकही नाव कधी पाहिली नाही, जिथे झाड नाही, खुंट नाही, काही नाही, अशी जागा मी निवडली आणि मुद्दाम लिहिली. पत्र कोण उघडतो ते पकडायचे होते. तुला आधी सांगितले असते, पण सांगायचे कसे? पत्रातच ना?

काल पहाटे जिनिंगच्या ओट्यावर जाऊन बसलो. सव्वासहापर्यंत अकरा नावा आल्या. प्रत्येकीच्या नाकावर आठ चौदा फुटी रॉड, पंख्यासारखे. सगळे प्रेताच्या गाडीमागून चालल्यासारखे चालले होते.

मला वाटले, आता यांची जिरणार. मला हसूसुद्धा आले. एक मिनिट.

मग रस्को बायर्डचा एक रॉड वाकला. मग दुसरा. मग सगळ्यांचेच. आत्या, नऊ वाजायच्या आतच त्यांचे आटोपले. हातभर लांब क्रॅपी. त्यांच्या पेट्यांची झाकणे लागेनात. डाल्टनने मला ओट्यावर पाहिले आणि टोपी काढून हलवली. "देव तुझं भलं करो, डेलमर!"

माझी खरी जागा गेली. माझी खोटी जागाही गेली. ती खरी निघाली आणि गेली. पूर्ण तलावावर तिथला योग्य रॉड नसलेला माणूस आता मी एकटा आहे. माझ्याकडे चार दहा फुटी आहेत.

पण एक सिद्ध झाले. पत्रे उघडली जातात. पोस्टाच्या निरीक्षकांना तीन पानांची तक्रार लिहिली आहे, तारखांसह, वेंडेल ओक्स यांच्या नावाने. शुक्रवारी टाकणार आहे. त्यांची नोकरी जाईल, याचे मला वाईट वाटते. पण माझीही चालली आहे.

डेलमर


६ एप्रिल

डेलमर

ओळी वर खाली जातील. हे मी माझ्या हातानं लिहितेय.

तक्रार फाड. वेंडेलनं काही केलं नाही.

मला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दीड वर्ष झालं. तुझी पत्रं पर्व्हिस गॅडी वाचतो, त्याच्या दुकानात, आणि माझी तोच लिहितो, मासोळ्यांच्या टाकीवर फळी ठेवून. पाकीट म्हणून भिजतं. टाकीचा पंप घरघरतो म्हणून ओरडून वाचावं लागतं. बाकावर जे असतात ते ऐकतात.

पहिलं पत्र वाचलं तेव्हा सगळे बाकावर पुढं सरकले. रस्को म्हणाला, नववीत शाळा सोडलेलं पोरगं काय लिहितं. मला बरं वाटलं. मग रोज विचारायला लागले, आलं का, आलं का.

तुम्हाला कळलं असतं तर माझी नाव विकली असती.

मी चुकले.

ओनीडा


पश्चिम काठ
रविवार, १७ एप्रिल

आत्या,

तक्रार फाडली. उत्तर लिहिले नाही, कारण जे सुचत होते ते लिहिण्यासारखे नव्हते.

काल माझी परीक्षा झाली. विमावाले वेळेवर आले. त्यांना पुलावर नेले. मी त्यांना रॉडवर बोट ठेवून डोळे मिटायला लावले, त्यांनी तेही केले. दोन मोठी माणसे डोळे मिटून तीन तास बसली. झाडोऱ्यात काही उरले नव्हते. दहा वाजेपर्यंत पाच मासे आले.

मग त्यातले मिस्टर फेनविक म्हणाले, "डोळे उघडले तर चालेल का? तिकडं एवढी गर्दी कसली आहे?"

ती जिनिंगसमोरची गर्दी होती. त्यांनी तिकडे चला म्हटले. मी नेले. पाच फूट पाण्यात दहा फुटी रॉड म्हणजे आमिष नावेच्या सावलीतच पडते. आमच्या डावीकडे, उजवीकडे, समोर सगळे मासे उचलत होते. रस्को बायर्ड मनापासून ओरडला, "आखूड पडतायत तुझे, डेलमर! इथं चौदा फुटीच पाहिजे!"

मी म्हणालो, "मला ठाऊक आहे."

"मग घेतले का नाहीस?"

मी नाव धक्क्याकडे वळवली.

धक्क्यावर मिस लव्हाडांनी पेटीचे झाकण उघडले. "मला बर्फ दिसतोय."

"हो, मॅडम."

"बर्फ दिसायला नको होता."

"नाही, मॅडम."

तरी त्यांनी मला नाकारले नाही, त्याचे कारण मी नाही. दुसरा जो उमेदवार होता त्याने मोटर चालू ठेवून नाव खुंटावर घातली आणि पंखा तोडला. म्हणून ३० एप्रिलला पुन्हा एकदा, तीच गिऱ्हाइके, आणि तेच शेवटचे.

आता हे पत्र कोण वाचत आहे ते मला ठाऊक आहे. मिस्टर गॅडी, कृपया पंप बंद करा आणि पुढचे सर्वांना नीट ऐकू जाईल असे वाचा.

मिस्टर बायर्ड, मिस्टर डाल्टन, आणि बाकावर बसलेले बाकीचे. जिनिंगची जागा मी खोटी लिहिली होती. तिथे मासे असतील हे मला स्वप्नातही वाटले नव्हते. तुमचा वेळ वाया जावा आणि तुम्ही चिडावे, अशी माझी इच्छा होती. त्याबद्दल मी माफी मागतो. पुलाखालचा झाडोरा माझ्या वडिलांनी एकट्याने, फेब्रुवारीच्या पाण्यात, चार हिवाळे खपून बुडवला होता. तो तुम्ही पाच आठवड्यांत रिकामा केलात. त्याबद्दल तुम्ही काय मागायचे ते तुम्ही ठरवा.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. ३० तारखेला सकाळी सहापासून बारापर्यंत तुमच्यापैकी कोणीही पाण्यावर येऊ नये. आणि ज्यांनी माझ्या पत्रावरून चौदा फुटी रॉड घेतले, त्यांनी रिळांसकट मिळून आठ मला त्या दिवसापुरते द्यावेत. एकाच घडणीचे. ते का, हे तुम्ही ऐकलेलेच आहे.

आत्या, टुपेलोला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मंगळवारी, ३ मे ला, सकाळी दहाची वेळ घेतली आहे. मी गाडी घेऊन सातला येईन. तुझी नाव कोणी विकणार नाही. हे मी सगळ्यांसमोर लिहितो आहे, म्हणजे मला फिरवता येणार नाही.

मी अजून चिडलेलो आहे.

डेलमर


गॅडीचं आमिषाचं दुकान, पूर्व काठ
शनिवार, ३० एप्रिल, दुपारी

डेलमर,

मी पर्व्हिस गॅडी. आज मी माझ्या मनानं लिहितोय, ती सांगत नाहीये. माझं शुद्धलेखन तू सांभाळून घे.

तुझं पत्र मी पंप बंद करून वाचलं. त्यात अकरा डझन मासोळ्या मेल्या, पण ते असो. तू खोटं लिहिलंस म्हणून वाचलं तेव्हा रस्कोनं मला दोनदा तीच ओळ वाचायला लावली. मग म्हणाला, "म्हणजे आपण खोट्या जागेवर पेट्या भरतोय?" डाल्टन म्हणाला, "मासे तर खरे होते की." त्यावरून दोघांची इतकी जुंपली की मी दुकान लवकर बंद केलं. तुझ्या बापाचं वाचलं तेव्हा मात्र रस्कोनं टोपी काढून मांडीवर ठेवली. 

रॉड वेंडेलच्या जीपवर बांधून पाठवले ते तुला मिळालेच. आठांत कुणाचे द्यायचे यावरून पुन्हा जुंपली. प्रत्येकाला आपलेच जायला हवे होते.

आता आजचं. सकाळी पाचला मी दार उघडलं तर मिस ओनीडा पायरीवर बसलेली. म्हणाली, "खुर्ची दे." दारातच खुर्ची टाकली, समोरच्या चौकटीला पाय लावले, आणि जो आला त्याला आत घेतला. बाहेर कुणाला सोडलं नाही. सहाला अकराही जण आत. पाणी आरशासारखं. वारा नाही. एक ढग नाही. रस्को खिडकीशी उभा राहून नुसता कण्हत होता.

दर अर्ध्या तासाला ती हजेरी घ्यायची. दिसत तर काही नाही, तेव्हा नाव घ्यायचं आणि आवाज ऐकायचा.

"रस्को?"

"आहे, मिस ओनीडा."

"डाल्टन?"

"आहे, मिस ओनीडा."

"रस्को, हा पण तूच. डाल्टन मागच्या दाराशी आहे. त्याला म्हणावं, मला तुझे बूट ऐकू येतात."

डाल्टन परत आला. तिनं त्याला आपल्या पायाशी जमिनीवर बसवलं, साठ वर्षांच्या माणसाला.

दहाला मी सगळ्यांना क्रॅकर आणि चीज दिलं. कुणी खाल्लं नाही. अकराला तिनं डोळे मिटले. हजेरीसुद्धा घेतली नाही. तिचे हात मांडीवर होते आणि एक बोट नुसतं हलत होतं. बारा वाजले. सव्वाबारा झाले. मग फोन वाजला, मिस लव्हाडा. ती सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात तारेवरच्या दुसऱ्या कुठल्यातरी घरातून कुणी बाई ओरडली, "पोराला मिळाली!" म्हणजे ते आधी तिकडे कळलं, मग मला. तुला तर कळलंच असेल. मिस लव्हाडा म्हणाली, सोमवारी सहाला धक्क्यावर ये, कारखान्यात सांगून टाक.

 मिस ओनीडानं चौकटीवरचे पाय काढले, एक एक करून, हातानं उचलून, कारण ते आखडले होते. मग म्हणाली, "सुटलात. जा."

तोपर्यंत वारा सुटला होता. पाण्यावर पांढऱ्या लाटा उठल्या होत्या, आणि त्या लाटांत चौदा फुटी काय नि दहा फुटी काय. कुणी उठलं नाही.

रस्को खिडकीतून बघत म्हणाला, "वर्षातला सगळ्यात चांगला शनिवार होता हा."

"होय," ती म्हणाली. "होता."

पर्व्हिस गॅडी